वाट पाहणारं काम

नोकरी करणाऱ्या आईच्या हातात कुणी सुई-दोरा पाहिला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘हे सगळं करायला वेळ कधी मिळतो?’ आणि दुसरा, ‘बाजारात सगळं मिळतं, मग करतेस कशाला?’ पहिला प्रश्न कौतुकाने विचारतात, दुसरा काळजीने. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नघरी, एस.टी.त शेजारच्या सीटवर, सगळीकडे मी ते ऐकले आहेत. दोन्हींचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आम्ही मिरजेत राहतो. मी शाळेत शिकवते. मुलांच्या अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. घरात सासूबाई, बारावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि सातवीतला मुलगा. सकाळी डबे, दुपारी शाळा, संध्याकाळी स्वयंपाक आणि रात्री तपासायच्या वह्या. यात वेगळं असं काही नाही. हे वाचणाऱ्या बहुतेक बहिणींचा दिवस असाच असेल. या दिवसात हाताचं काम कुठे बसतं, ते सांगण्याआधी ते येतं कुठून, हे सांगायला हवं.

सूर्याची कामं, चांदाची कामं

आपल्या घरात वर्ष दोन कॅलेंडरांवर चालतं. वाळवण, वर्षाची चटणी, लोणचं, गोधडी ही सूर्याच्या कॅलेंडरची कामं. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापलं की गच्चीवर मिरच्या पसरायच्या, जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत कैरी बरणीत गेली पाहिजे. ही कामं दरवर्षी त्याच महिन्यात येतात.

ईदच्या शेवया, नमाजच्या टोप्या, मुलांचे नवे कपडे ही चांदाच्या कॅलेंडरची. चांदाचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असतं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. २००० सालात तर ईद-उल-फित्र दोनदा आली होती, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरच्या शेवटी. मी तेव्हा कॉलेजात होते. अम्मीने जानेवारीच्या ईदला शिवलेल्या ड्रेसच्या बाह्या बदलून तोच मला डिसेंबरात घातला आणि वर म्हणाली, ‘एका वर्षात दोन ईद अल्लाहने दिल्या, पगार मात्र तुझ्या अब्बांना एकाच वर्षाचा मिळाला.’ २०३३ साली पुन्हा असंच होईल.

हे सरकणं आईच्या हातांना सगळ्यात आधी कळतं. २०१७ ते २०१९ या वर्षांत रमजान मे-जूनमध्ये होता. रोजे चौदा तासांहून मोठे, पण शाळेला सुट्टी होती आणि गच्चीवर ऊन होतं, त्यामुळे शेवया घरीच झाल्या. हाताने फिरवायचं यंत्र बाजेच्या काठाला आवळायचं, एकीने खपली गव्हाच्या सपिटाचा गोळा वरून घालायचा, दुसरीने दांडा फिरवायचा आणि तिसरीने खाली उतरणाऱ्या शेवया काठीवर अलगद झेलून वाळत टाकायच्या. आता रमजान मार्चकडून फेब्रुवारीकडे सरकतो आहे. दिवस लहान झाले, रोजे सोपे झाले, पण ते नेमके दहावीच्या परीक्षेत आणि पेपर तपासणीत येऊन बसले. तीन बायका एका वेळी मोकळ्या मिळणं तर दूरच, एकीचा अर्धा दिवसही मोकळा मिळत नाही. त्यात बकरी ईद मे-जूनकडे आल्यामुळे सूर्याच्या कॅलेंडरचं वाळवण आणि चांदाच्या कॅलेंडरचे पाहुणे एकाच आठवड्यात दारात उभे राहतात.

दोन्ही कॅलेंडरं सांभाळणं सासूबाईंना जमलं. त्यांच्या हाताशी दोन जावा आणि एक नणंद होती. माझ्या हाताशी प्रेशर कुकर आणि मिक्सर आहे. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवावंच लागलं.

चीक थांबत नाही

ठरवताना मी चवीचा विचार केला नाही आणि परंपरेचाही केला नाही. एवढंच पाहिलं की कोणतं काम मध्येच ठेवता येतं आणि कोणतं येत नाही.

कुरडई घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा. रात्रभर तो खाली बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं आणि मग मीठ-हिंग घालून शिजवायला घ्यायचा. इथून पुढे श्वास घ्यायला सवड नाही. चीक शिजताना ढवळणं थांबलं की गाठी होतात. शिजलेला चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही. गरम असतानाच, ऊन वर यायच्या आत, सगळ्या कुरडया प्लास्टिकवर पडल्या पाहिजेत. दाराची बेल वाजली, मुलाला खरचटलं, शाळेतून फोन आला, तरी चीक थांबत नाही.

आता गोधडी घ्या. मध्येच उठावं लागलं तर सुई कापडात खोचायची आणि उठायचं. दहा मिनिटांनी या, दहा दिवसांनी या, टाका जिथे थांबला तिथेच असतो. क्रोशाचंही तसंच. शेवटचा फास जरा ओढून मोठा केला आणि पिशवीत टाकला की काम झोपतं, उसवत नाही.

आईच्या दिवसातलं जवळजवळ सगळं चिकासारखं असतं. दूध उतू जातं, शाळेची घंटा होते, ताप चढतो, दुकानाच्या डब्याची वेळ होते. कुणीही वाट पाहत नाही, तिनेच सगळ्यांसाठी धावायचं. अशा दिवसात एखादं तरी काम असं असावं, जे तिची वाट पाहील. म्हणून मी न थांबणारी कामं सोडली आणि थांबणारी ठेवली. कुरडया, सांडगे आता गल्लीतल्या बचत गटाकडून येतात. त्या बायकांनी ते चार जणींनी मिळून, ठरलेल्या दिवशी, नीट मांडून केलेलं असतं आणि माझे पैसे त्यांच्याच घरी जातात. चटणीच्या मिरच्या घरी निवडतो, पण मसाला भाजून कांडपाला देतो. शेवया विकतच्या. शीरखुर्म्यात शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. नावातच नसलेल्या शेवयांसाठी मी रात्र जागवत नाही, असं मी गमतीने म्हणते. सासूबाईंना ही गंमत अजून पटलेली नाही.

सुई मात्र ठेवली. एक क्रोशाची, एक गोधडीची.

टोपी, आणि विजापूरचा रुमाल

क्रोशाचा मोसम आमच्याकडे रज्जब महिन्यात सुरू होतो. दोन महिने हातात असतात, तेवढ्यात घरच्या दोन टोप्या आणि नात्यातल्या एक-दोन सहज होतात. सहा साखळ्यांचं कडं करायचं, त्यात खांब भरायचे आणि प्रत्येक फेऱ्याला ठरावीक खांब वाढवत जायचं. डोक्याच्या माथ्याएवढी चकती झाली की वाढवणं थांबवायचं, मग कडा आपोआप खाली वळतात. सुती दोरा वापरावा, लोकरीची टोपी घामाने खाजते. सगळं सामान मुठीत मावतं, त्यामुळे टोपी शाळेच्या पर्समध्ये राहते. मधल्या सुट्टीत अर्धा फेरा, दवाखान्यात नंबर येईपर्यंत दोन फेरे. पालक सभेला उशिरा येणाऱ्या पालकांचा मला पूर्वी राग यायचा, आता तेवढ्यात खांब होतात.

प्रवासात तर याच्यासारखी सोबत नाही. मुलं लहान असताना आम्ही दिवाळीच्या सुट्टीत विजापूरला गेलो होतो. मिरजेहून कागवाड, अथणी करत एस.टी. जाते. घरून ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, पण दोन दिवस चूल पेटवायची नव्हती. आईच्या दृष्टीने सहलीचा पहिला आनंद हाच असतो. निसर्ग आणि इमारती त्यानंतर.

गोल घुमट पाहायला सकाळी लवकर जावं. नंतर शाळांच्या सहली येतात आणि आत नुसता कल्ला होतो. मुहम्मद आदिलशाहचा हा मकबरा. त्याने १६२७ ते १६५६ राज्य केलं. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि एवढ्या मोठ्या दालनाला मध्ये एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतून अरुंद जिने चढून वर गेलं की घुमटाच्या आतल्या बाजूने सज्जा आहे. भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तरी समोरच्या टोकाला ऐकू येतं, कारण आवाज गोल भिंतीला धरून पुढे सरकत जातो. मुलीला या बाजूला उभं करून मी त्या टोकाला गेले. एवढ्या मोठ्या इमारतीतून माझी मुलगी पहिलं वाक्य काय बोलेल, म्हणून कान लावून उभी राहिले. भिंतीतून स्पष्ट आवाज आला, ‘अम्मी, भूक लागली.’

सासूबाई जिने चढल्या नाहीत. आम्ही वर असताना त्या खाली बागेत बसून माझ्या अर्धवट टोपीचे दोन फेरे पुरे करून मोकळ्या झाल्या होत्या. ती टोपी आजही ओळखू येते. त्यांचे खांब माझ्यापेक्षा घट्ट आहेत.

दुपारी इब्राहिम रौजा पाहिला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहची आणि त्याची बेगम ताज सुलताना हिची ही कबर. गोल घुमट मोठा आहे, हा देखणा आहे. इथल्या खिडक्यांच्या दगडी जाळ्या अरबी अक्षरांच्याच केलेल्या आहेत. अक्षरं एकमेकांत गुंतलेली आणि मधल्या फटींतून ऊन आत येतं. बाहेरच्या भिंतींवर चौकटी पाडून नक्षी कोरली आहे. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. क्रोशाकाम करणाऱ्या बाईला जाळी कशी वाचायची ते माहीत असतं, भरलेली जागा कुठे आणि रिकामी कुठे. मुलाच्या बॅगेतून गणिताची चौकटींची वही काढली आणि एका नक्षीचा साधासा भाग उतरवून घेतला. भरलेला चौकोन म्हणजे चार खांब, रिकामा चौकोन म्हणजे दोन बाजूंना खांब आणि मध्ये दोन साखळ्या. त्या पानावरून मी इफ्तारच्या ताटावर झाकायचा रुमाल विणला. रमजानमध्ये शेजारी ताट जातं तेव्हा तो रुमाल जातो आणि धुऊन, घडी घालून परत येतो. त्याची वीण कुठून आली, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

हल्याळची कवंदी

दुसरा प्रवास माझ्या नणंदेकडचा. त्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळला राहतात. मिरजेहून रेल्वेने बेळगाव, खानापूर, लोंढा करत अळणावरला उतरायचं आणि पुढे बसने. कृष्णेचा पूल गेला की उसाची शेतं सुरू होतात, खानापूरनंतर जंगल. या गाडीत मी वह्या तपासायला नेत नाही, हा माझा नियम आहे.

त्या वर्षी नणंदबाईंनी घरात येणाऱ्या बाळासाठी जवळच्या गावातल्या एका सिद्दी बाईकडे कवंदी करायला दिली होती. कवंदी म्हणजे त्यांची गोधडी. ती आणायला आम्ही दोघी गेलो.

सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो, मलिक अंबर आठवतो. उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात राहणारे सिद्दीही मूळचे आफ्रिकेतलेच. त्यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. तिथून सुटून, पळून लोक या जंगलात आले आणि वसले. त्यांच्यात मुस्लिम आहेत, हिंदू आहेत, ख्रिश्चनही आहेत. २००३ साली या जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांची बोली कोकणीच्या जवळची. त्यामुळे माझ्या मराठीचं आणि त्या बाईंच्या बोलीचं थोडंफार जमलं, उरलेलं काम कापडाने केलं.

बाळाची कवंदी घडी घालून तयार होती. बाई ओसरीवर बसून दुसरी शिवत होत्या. ते शिवणं पाहून मी जागची हलले नाही. आपण गोधडी घालतो तेव्हा खोली रिकामी करावी लागते. खाली जुनी साडी ताणून अंथरायची, वर थर रचायचे, मोठे टाके घालून सगळं पक्कं करायचं आणि मग एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावदोऱ्याच्या ओळी. सुरुवातीला तरी दोघी-तिघी लागतात आणि एक अख्खी दुपार लागते. इथे एकटी बाई होती आणि तिची निम्मी गोधडी मांडीवर होती. खाली एक साडी, वर कापडाचे तुकडे. ते आधी जोडून घेतलेले नाहीत. एका कोपऱ्यापासून तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची आणि थेट धावदोरा घालत पुढे जायचं. तो संपला की पुढचा तुकडा. असं चारी कडांनी फिरत, फेऱ्यावर फेरा घालत आत यायचं. कवंदी कडेकडून मधाकडे भरत जाते. सगळ्यात शेवटी मधला भाग मिटतो.

चारी कोपऱ्यांवर रंगीत कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणी घड्या एकावर एक बसवलेल्या असतात. त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसलेली कवंदी म्हणजे उघडीच, असं तिकडे मानतात. या कवंद्या आता परदेशातल्या प्रदर्शनांतही मांडल्या जातात. मला मात्र त्या ओसरीवर वेगळीच गोष्ट दिसली. हे मांडीवर मावणारं, कुठेही थांबवता येणारं आणि सगळं कापड आधी गोळा करायला न लावणारं काम होतं. मधेच बाईंनी सुई खोचली, उठून कोंबड्या हाकलल्या, चुलीवरचं भांडं उतरवलं, आम्हाला चहा दिला आणि परत येऊन त्याच टाक्यापासून पुढे सुरू केलं.

परतीच्या गाडीत मी सासूबाईंच्या जुन्या साडीचा एक तुकडा मांडीवर घेऊन कड दुमडायचा सराव केला. बेळगावपर्यंत कोपरा जमला.

मुलीची गोधडी

यंदाच्या उन्हाळ्यात हे सगळं कामी आलं. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जायचं आहे. प्रवेशाची यादी लागली की आठ दिवसांत हॉस्टेलवर पोचावं लागेल. एप्रिलच्या मध्याला मी तिला म्हणाले, ‘तुझ्यासाठी गोधडी घालते.’

ती म्हणाली, ‘अम्मी, ऑनलाइन ब्लँकेट मिळतं. गोधडी तिथे धुवायची कुठे? बादलीत मावेल का? वाळेल का?’

प्रश्न रास्त होते. हॉस्टेलची बादली मी पाहिलेली नाही, पण ती किती असते ते कळतं. मग तिने अटी घातल्या. दोनच थर. गुलाबी रंग नको. आणि मैत्रिणींनी विचारलं तर ‘अम्मीने रडत रडत शिवली’ असं सांगायची वेळ येऊ नये. या अटी मान्य करून काम सुरू झालं.

माप सहा फूट बाय चार फूट. खाली सासूबाईंचं विजापुरात घेतलेलं इरकली लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. वर तुकडे. तिच्या अब्बांच्या लुंगीच्या चौकडी, तिचा पहिलीचा युनिफॉर्म, भावाचा ईदचा कुर्ता, माझ्या सुती ओढण्या. काठाला माझ्या जुन्या बुरख्याचं काळं कापड, कारण मळ दिसत नाही आणि टिकतं. चारी कोपऱ्यांवर हल्याळची फुलं.

दोन ओळींत पाऊण इंच अंतर धरलं तर कडेपासून मधापर्यंत ३२ फेरे होतात. पहिला फेरा २० फुटांचा. तो पुरा करायला तीन-चार दिवस लागले आणि हे संपणार कधी, असं वाटलं. पण कडेकडून आत येण्यात एक सोय आहे, प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा लहान असतो. आपल्या पद्धतीने शिवलं तरी एकूण धावदोरा तेवढाच भरतो, सुमारे ३८४ फूट. फरक एवढाच की इथे सगळ्यात अवघड भाग उत्साह असताना होतो आणि थकवा येईपर्यंत फेरे आखूड झालेले असतात.

वेळेचा हिशोबही सांगते, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर तोच आहे. सहा फुटांचा धावदोरा घालायला मला वीस मिनिटं लागतात. रोज तेवढंच धरलं तर ६४ दिवसांत गोधडी पुरी होते, सगळे मिळून एकवीस-बावीस तास. एवढे तास एकदम मागितले तर घरात कुणी देणार नाही आणि मलाही मिळणार नाहीत. वीस मिनिटं मात्र मिळतात. माझी वीस मिनिटं फजरच्या नमाजनंतर, डब्यांची घाई सुरू व्हायच्या आधीची आहेत. त्या वेळी कुणी काही मागत नाही.

या कामात आता घर उतरलं आहे. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हिवाळ्यात झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. सुई ओवता येत नाही, पण ओळ वाकडी गेलेली त्यांच्या बोटांना कळते. म्हणून मुलगा रात्री इशाच्या नमाजनंतर दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. सकाळी सुई ओवण्यात वेळ जात नाही. सुरुवातीला तो म्हणाला, ‘हे मुलींचं काम आहे.’ मी त्याला पैगंबर (स.) यांच्याबद्दल सांगितलं. ते आपले कपडे स्वतः शिवत, चपला दुरुस्त करत, घरात काम करत, असं हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेलं आहे. त्यावर तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी दहाच्या जागी बारा सुया होत्या. गेल्या आठवड्यात त्याने आपल्या दप्तराचा तुटलेला पट्टाही शिवून घेतला. टाके वेडेवाकडे आहेत, पट्टा पक्का आहे.

मुलगी अजून सुई हातात घेत नाही आणि मी तिला आग्रहही करत नाही. ती संध्याकाळी येऊन शेजारी बसते, मोबाइलवर कॉलेजांची नावं वाचून दाखवते आणि बोलता बोलता कुठला तुकडा कुठला ते विचारते. युनिफॉर्मचा तुकडा ओळखून ती म्हणाली, ‘याच्यावर शाईचा डाग होता ना?’ डाग होता. मी तो मुद्दाम वरच्या बाजूला घेतला आहे.

कशाला, याचं उत्तर

दुसरा प्रश्न उरला. बाजारात ब्लँकेट मिळतं, टोपी तर फारच स्वस्त मिळते. खरं आहे. पैसे वाचतात म्हणून हे काम करावं, असं मी कुणाला सांगणार नाही. हाताने केलं नाही तर आईची माया कमी, असंही नाही. बचत गटाच्या कुरडया तळताना मला कधी कमीपणा वाटत नाही. हाताचं काम हे आणखी एक कर्तव्य होऊन बसलं तर त्याची मजाच गेली. आईच्या डोक्यावर कर्तव्यं आधीच पुरेशी आहेत.

मी हे करते कारण दिवसभरात मी जे जे करते ते संध्याकाळपर्यंत नाहीसं होतं. भाकरी खाल्ली जाते, भांडी पुन्हा खरकटी होतात, फळा पुसला जातो. टाका मात्र काल घातलेला आज तिथेच असतो. उद्या त्याच्यापुढे दुसरा पडतो. वर्षाच्या शेवटी हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी राहतं. त्यात प्रवासही राहतो. फोटो फोनमध्ये कुठेतरी खाली गेले, पण विजापूर आमच्या ताटावर आहे आणि हल्याळ गोधडीच्या चार कोपऱ्यांवर.

ज्या बहिणींना सुरुवात करायची आहे, त्यांनी मोठं काही हाती घेऊ नये. बाळाचं दुपटं दोन फूट बाय दोन फूट असतं. त्याचा धावदोरा सगळा मिळून साठ-पासष्ट फुटांच्या आत संपतो, म्हणजे वीस मिनिटांप्रमाणे दहा-अकरा दिवस. कापड सुती आणि जुनं घ्यावं, नव्या कोऱ्या कापडात सुई अडते आणि बोट दुखतं. दोरा हातभर लांबच घ्यावा, लांब दोऱ्याला गाठी पडतात. सुया कुणाला तरी ओवायला सांगाव्यात आणि शक्यतो मुलाला सांगावं. आणि घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी, ही वीस मिनिटं रिकामी नाहीत.

आजपर्यंत २३ फेरे झाले. मधे साधारण तीन फूट लांब आणि एक फूट रुंद एवढी जागा उरली आहे. आता एका बैठकीत एक फेरा होतो. यादी कधी लागेल ते आमच्या हातात नाही. नऊ फेरे बाकी आहेत.